तीन वर्षांच्या हाताला पेन्सिल नको, आंबाडा द्या

गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, साडेतीन वर्षांच्या नातवाला गोव्यातल्या म्हापशाच्या माटोळीच्या बाजारात नेलं. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट. गर्दीत किरकिर करील, अशी सुनेला धास्ती होती. पण पठ्ठ्या दीड तास विचारत राहिला, "आजी, ह्याला काय म्हणतात?" कांगलं, तोरिंजन, चिबूड, सुपारीचा घड. रानातली फळं विकायला आलेल्या एका बाईने त्याच्या तळहातावर आंबाडा ठेवला नि म्हणाली, "बाबू, वास घेवन पळय."

घरी आल्यावर त्याने ओसरीवर गोणपाट अंथरून दुकान मांडलं. मोठी फळं एका बाजूला, बारकी दुसऱ्या बाजूला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी पाच आंबाडे मागितले, त्याने चार दिले. मी काही न बोलता हातातले मोजायला लागले, तेवढ्यात तोच ओरडला, "अजून एक!"

मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून हे कळकळीने लिहितेय. त्याच आठवड्यात त्याच्या शाळेतून वही आली होती. दोन पानं उभ्या रेघा, दोन पानं आडव्या. या वयात मनगटातली सगळी हाडंसुद्धा अजून पक्की झालेली नसतात. पोर रडत रेघा ओढत होतं आणि आई शेजारी बसून "पटापट कर" म्हणत होती. मला ते बघवलं नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाचून पालक घाबरतात आणि अभ्यास आणखी लवकर सुरू करतात. त्याच धोरणात तीन ते आठ वर्षांपर्यंत खेळातून, कृतीतून शिकवा असंही लिहिलंय, तिकडे कुणी बघत नाही. आपल्याकडे हे नवीनही नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच केलं. मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी बालवाडीच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात नेली. पानं, बिया, खडे हीच त्यांची शिकवायची साधनं. आपल्या माटोळीत याहून काय कमी आहे?

गोष्टींचंही तेच. आमच्याकडे रोज रात्री चिऊकाऊ लागते. एकच गोष्ट शंभरदा सांगायचा मोठ्यांना कंटाळा येतो, पण मुलाला पुढचं आधीच ठाऊक असण्यातच गोडी असते. कावळा दार वाजवतो तिथे मी थांबते. चिमणीची कारणं तो सांगतो, क्रमाने, एकही न चुकता. परवा मात्र पहिल्याच टकटकीला त्याने दार उघडलं. मी म्हटलं, "अरे, बाळाला आंघोळ घालायचीय ना अजून?" तर म्हणाला, "पाऊस पडतोय. तो भिजतोय." दुसऱ्याच्या अंगावरचा पाऊस त्याला कळला. मोबाईलवरची गोष्ट अशी त्याच्यासाठी थांबली नसती. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला दिवसाला तासाभराहून जास्त नको. त्यापेक्षा जवळ घेऊन वाचा, गोष्टी सांगा.

भाषेचं म्हणाल तर गोव्यातल्या आयांना एक भीती असते. घरी मराठी, शेजारी कोंकणी, शाळेत इंग्रजी, मग पोर गोंधळणार नाही का? सुरुवातीला शब्दांची सरमिसळ होते, होऊ दे. बाजारातून परतताना तो त्या बाईला "पळय" म्हणाला आणि माझ्याकडे वळून "बघ". ज्या भाषेत तुम्ही रागावता नि लाड करता, त्याच भाषेत गोष्ट सांगा.

आता आमच्या गोष्टीत कावळा चिमणीकडेच राहतो. त्याला शेणाचं घर पुन्हा बांधून द्यायचं की मेणाचं, यावर रोज रात्री वाद चाललाय.