‘अलाइन’ झालात, पण ठरलं काय?

नमस्कार. ऑफिसच्या बोलीतले ‘अलाइन’ (एकमत होणं) सारखे खटकणारे शब्द मी एका लेखात यादी करून मांडले होते. त्यावर तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: भाषा वाहती असते, ‘टेबल’ आणि ‘स्टेशन’ पचवलेल्या मराठीला ‘अलाइन’नेच अजीर्ण का व्हावं? ऑफिसच्या बोलीवर हसणं म्हणजे शुद्धीवाद्यांचा जुनाच छंद.

परक्या शब्दांशी माझं भांडण नाहीच. ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. अर्ज, रजा, हजेरी अरबी-फारसीतून. शिवकाळात अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तरी ही मंडळी आजही ऑफिसात ठाण मांडून आहेत. रजा म्हटली की किती दिवसांची, कधीपासून, मंजूर कोणी केली, हे सगळं विचारता येतं. ‘नोटीस पिरियड’ही तसाच. ‘बेंचवर असणं’ तर मला आवडतंच: पगार चालू, प्रोजेक्ट नाही, एवढं सगळं एका शब्दात येतं.

‘अलाइन’ची खोड व्याकरणात आहे. ‘ठरवणं’ हे क्रियापद सकर्मक. ‘आम्ही ठरवलं’ म्हटलं की समोरचा लगेच ‘काय ठरवलं?’ विचारतो. ‘आम्ही अलाइन झालो’ हे अकर्मक. वाक्य तिथेच पुरं होतं आणि सगळे माना डोलावतात. ‘सिंक होऊ’, ‘कनेक्ट होऊ’, ‘सर्कल बॅक करू’ ही त्याचीच भावंडं. कर्म गेलं की काम गेलं.

मिटिंगनंतरच्या टिपणात नेहमी दिसणारी ओळ घ्या: ‘डेटा टीमशी अलाइन होऊन टाइमलाइन फर्म अप करणे.’ पुढच्या आठवड्यात हे झालं का विचारलं, तर ‘हो, बोलणं झालं’ हे उत्तर बरोबरच ठरतं, कारण ओळीत मागितलं तेवढंच होतं. तीच ओळ अशी लिहा: ‘जुलै ते सप्टेंबरच्या विक्रीची फाइल डेटा टीमकडून घेणे. जबाबदारी: स्नेहल. बुधवार, दुपारी ४.’ इंग्रजी शब्द दोन्हीकडे आहेतच. पण दुसरी ओळ एक तर होते किंवा राहते, मधली पळवाट नाही. टिपण लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीला कोण, काय, कधी एवढं विचारावं. एकाचं जरी उत्तर नसेल, तर लोक खोलीत असतानाच विचारून घ्यावं. नंतर मेलवर ते मिळत नाही.

हा रोग इंग्रजीचा म्हणाल तर आपल्या सरकारी मराठीचा नमुना बघा: ‘प्रकरणी योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ शब्द कसे सोवळ्यातले! आणि ‘करण्यात येईल’ने कर्ता पार गिळून टाकला. ‘पाठपुरावा सुरू आहे’ हेही त्यातलंच. म्हणजे शुद्धीवादी म्हणून माझी निवड तुम्हाला रद्दच करावी लागेल.

‘ईओडीपर्यंत (एंड ऑफ डे, म्हणजे दिवस संपेपर्यंत) पाठवतो’ यात तर पैसेही बुडू शकतात. ईओडी कोणाची? न्यूयॉर्कच्या क्लायंटचे संध्याकाळचे ५ म्हणजे पुण्यात रात्रीचे २:३०, आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की ३:३०. इथला माणूस सातला फाइल पाठवून वेळेत दिल्याच्या समाधानात घरी जातो किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवून उशीर करतो. दोघांनाही आपण शब्द पाळला असंच वाटतं. तास लिहायचा आणि शेजारी आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ. बस्स.

‘बँडविड्थ नाही’ (हाताशी वेळ नाही) याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटलं. ज्युनियरने साहेबाला ‘वेळ नाही’ म्हणणं उद्धट वाटतं, ‘बँडविड्थ’ त्याची लाज राखते. हा उपयोग मी मूळ लेखात धरलाच नव्हता. तरी ढाल म्हणून तो शब्द कच्चा आहे: साहेब ‘काढ थोडी’ म्हणतो आणि काम गळ्यात पडतं. त्यापेक्षा ‘सर, गुरुवारपर्यंत ऑडिटचं काम आहे. हे आधी घेतलं तर ऑडिट सोमवारवर जाईल. कुठलं आधी करू?’ यात नकार नाही, उद्धटपणा नाही, आणि निवड साहेबाच्या टेबलावर जाते.

‘रिव्हर्ट’वर मी ठाम आहे. उत्तर देणं या अर्थाने तो आपल्याकडे रुळलाय खरा, पण सॉफ्टवेअरवाल्यांसाठी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं. कोडच्या चर्चेखाली ‘प्लीज रिव्हर्ट बाय टुमॉरो’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याने उत्तर द्यायचं की काम पुसायचं?

आणि ‘प्रिपोन’. तुम्ही म्हणता तो नेमका आहे: मिटिंग अलीकडे घेतली, एवढाच अर्थ, दुसरा निघत नाही. बरोबर. मूळ लेखातल्या यादीतून तो काढतोय.