फोटो स्टॉप, २० मिनिटं

डिसेंबरच्या नागालँड सहलीचं वेळापत्रक आज एका मावसभावाने पाठवलं. "ताई, नजर टाक, काही राहिलं नाही ना?" हॉर्नबिल महोत्सवाला अख्खा दिवस. खरेदीला अर्धा दिवस. आणि कोहिमाची वॉर सेमेटरी, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांची दफनभूमी? 'फोटो स्टॉप, २० मिनिटं.' डोकंच फिरलं माझं.

वीस मिनिटांत काय होतं ते पाहिलंय मी. बस थांबते, 'तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला' या प्रसिद्ध ओळींच्या शिळेपुढे रांग लागते, एकेकाचा फोटो निघतो की "चला, चला, उशीर होतोय". वरच्या पायऱ्या कुणी चढतच नाही.

मी आईला घेऊन गेले होते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. फुलांच्या वाफ्यात बसवलेला एकेक बुटका दगड, त्यावर धातूची पाटी, पाटीवर रात्रीच्या पावसाचं पाणी. आई ते पदराने पुसायची आणि विचारायची, "ह्याचं वय काय गं?" वीस. बावीस. एकोणीस. हं म्हणायची आणि पुढच्या दगडाशी वाकायची. असं बघायला गेलं तर वीस मिनिटांत एक रांगसुद्धा होत नाही.

आणि तिथल्या कबरी १,४२० आहेत!

एप्रिल १९४४मध्ये जपानची ३१ वी डिव्हिजन कोहिमावर चालून आली. याच टेकडीवर डेप्युटी कमिशनरचा बंगला होता, त्याचं टेनिस कोर्ट होतं. कोर्टाच्या एका अंगाला ब्रिटिश-भारतीय सैनिक, दुसऱ्या अंगाला जपानी, आणि मधल्या तेवढ्याशा जागेवरून हातबाँब फेकले जात होते. त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आजही आखलेल्या आहेत. आई एका रेषेवरून पलीकडच्या रेषेपर्यंत चालत गेली आणि म्हणाली, "एवढंच?" एवढंच.

आता कुणीतरी लिहिणारच, "ते इंग्रजांसाठी लढले, आपलं काय त्यात?" मग जरा सगळ्यात वर चढून जा ना. तिथे ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं आहेत. त्यांचं दहन झालं, म्हणून कबरी नाहीत, नुसती नावं. त्याआधी मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियनने पॅराशूट ब्रिगेडबरोबर जपान्यांना रोखून धरलं, म्हणून कोहिमाला तयारीला थोडे दिवस जास्त मिळाले. सातारा-रत्नागिरीकडची पोरं ती. आझाद हिंद सेना याच मोहिमेत समोरच्या बाजूने लढली, हेही खरं. मग मणिपुरातल्या मोइरांगलाही जा, तिथे त्यांचं स्मारक आहे. पण दोन्हीकडे जा, आणि वेळ काढून जा.

बरं, सुट्टीत माणसाला हसायचं-खेळायचं असतं, सोबत लहान मुलं असतात, मान्य. तसं असेल तर ते ठिकाण यादीतून सरळ काढून टाका. पण 'दर्शन झालं' म्हणून टिकमार्क करू नका. कबरींना पाठ करून उड्या मारतानाचे फोटो तर नकोच नकोत. संताप होतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळलाय. वरच्या त्या नावांपाशी पाट्यांवर वय नव्हतं. आईने तरी विचारलं. मी म्हटलं, इथे लिहिलेलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली, खालच्या चौकातले हॉर्न वाजत होते, आणि मला म्हणाली, "नावं तरी वाच." मी वाचत गेले. गाडीवाल्याचे फोन येत राहिले, मी उचलले नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी 'आजोबांचा भाऊ मराठा पलटणीत होता, परत आलाच नाही' अशी गोष्ट ऐकलेली असेल, तर या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) वेबसाइटवर नाव टाकून शोधा. बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. स्पेलिंग मात्र तीन-चार तऱ्हांनी घालून बघा, त्या कारकुनांनी आपली नावं वाटेल तशी लिहिलीत. अडलात तर मेसेज करा, मी बसते तुमच्यासोबत शोधायला.