खुलासा: क्रोम काढून पुन्हा टाकलं म्हणून हायजॅकर जात नाही

'सर्च भलत्याच साइटवर जात असेल तर क्रोम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका' असा संदेश फिरतो आहे. तो अपुरा आहे. सर्च असा वळवणाऱ्या घुसखोर प्रोग्रॅमला किंवा एक्स्टेन्शनला (ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमला) हायजॅकर म्हणतात. अनइन्स्टॉल करताना ब्राउझिंग डेटा पुसायची खूण केली नाही तर जुनं प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन) तसंच राहतं, आणि सिंक (गूगल खात्यात हे सगळं साठवायची सोय) चालू असेल तर एक्स्टेन्शन खात्यातून परत येतं.

खरी मेख अनेकदा विंडोजमध्ये असते. घरच्या संगणकावर क्रोमच्या मेनूत 'संस्थेद्वारे व्यवस्थापित' दिसलं, तर रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'एक्स्टेन्शनइन्स्टॉलफोर्सलिस्ट' (ExtensionInstallForcelist) ही पॉलिसी, म्हणजे एक्स्टेन्शन सक्तीने बसवणारी नोंद, शोधा. तिच्यामुळेच एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटण चालत नाही. आधी सिंक बंद करा, अनोळखी प्रोग्रॅम आणि टास्क शेड्युलरमधलं (विंडोजमध्ये कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीतलं) त्याचं टास्क काढा. मगच रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन नोंद पुसा, रीस्टार्ट करा, क्रोम रीसेट करा. क्रम उलटा झाला तर तोच प्रोग्रॅम नोंद पुन्हा लिहितो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती नोंद बहुधा खरोखर कंपनीची असते. तिथे हात लावू नका.