वीस अंश, मुक्काम पोस्ट सांगली

कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट रोल घरी धुवायच्या कुठल्याही कृतीत पहिली अट असते : डेव्हलपरचं (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं) तापमान २० अंश सेल्सिअस. ही अट घालणारा माणूस एप्रिलात सांगलीला आलेला नसतो. दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला जे येतं त्याला पाणी म्हणणं धाडसाचं आहे. ते चहाचं आधण असतं, पत्ती तेवढी टाकायची राहिलेली.

त्यात आमचं रोल धुवायचं टेबलावरचं यंत्र जर्मन, जोबो कंपनीचं. पाण्याचा टब, त्यात बाटल्या उभ्या करायच्या खाचा, रोलची टाकी आडवी धरून गरगर फिरवणारी मोटर आणि एक हीटर. रंगीत रोलाला ३८ अंश लागतात आणि तिकडे नळाला गार पाणी, त्यामुळे हीटर हवाच. गार करायची सोय मात्र आत कुठेच नाही. मिरज स्टेशनवर स्वेटर घालून उतरलेला पाहुणा असावा, तसं ते माझ्या ओट्यावर बसलेलं असतं.

तेव्हा आधी बर्फाचा हिशेब. टबात ३३ अंशांचं आठ लिटर पाणी धरा. ते २० वर आणायला किलोभराहून थोडा जास्तच बर्फ वितळावा लागतो. २४ वर थांबलात तर पाऊण किलोच्या आत भागतं. मी २४ वर थांबतो. ताठ कण्याचे लोक २० चा हट्ट धरतात, पण त्यांच्याकडे दोन फ्रीज असावेत. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गळ्यापर्यंतच भरून (गोठताना पाणी फुगतं) आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि बंद बाटल्या टबात सोडायच्या. बर्फाचे खडे थेट डेव्हलपरमध्ये टाकले की तो गार होतो तसा पातळही होतो. पाणी चुकून २३ वर गेलं तर यंत्राचा काटा २४ वर ठेवायचा. मग भर वैशाखात सांगलीत हीटरचा लाल दिवा लागतो आणि तो बघायला शेजारी बोलवावेसे वाटतात. मापायला तापाचा थर्मामीटर घेऊ नका, तो ३५ च्या खाली तोंडच उघडत नाही.

घरचा आक्षेप ठरलेला : “ताकाला बर्फाचा खडा नाही आणि तुझ्या त्या पट्टीला दोन-दोन बाटल्या? काय करालायस काय तू आत?”

२४ घेतल्यावर वेळ बदलते, आणि खरी गोम इथेच आहे. एचपी५ नावाचा रोल डी-७६ या डेव्हलपरमध्ये, पाणी न घालता, २० अंशांना साडेसात मिनिटं घेतो. २४ ला तेच सव्वापाचच्या आसपास. टाकी सतत फिरत असल्याने त्यातून आणखी दहा-पंधरा टक्के कापावे लागतात, म्हणजे साडेचार. पाच मिनिटांच्या आत डेव्हलपमेंट सपाट बसत नाही, आकाशात पट्टे उठतात. म्हणून डेव्हलपरमध्ये तितकंच पाणी घालावं. २० ला अकरा मिनिटं, २४ ला पावणेआठ. आधी पाच मिनिटं नुसत्या २४ च्या पाण्यात टाकी फिरवून घेतली तर ही वेळ सहसा कापावी लागत नाही.

पण पातळ केल्यावर दुसरा खड्डा. एका रोलाला मूळ डी-७६ निदान १०० मिली हवं. जोबोच्या छोट्या १५१० टाकीत फिरवताना १४० मिलीच द्रव मावतो असं धरतात, म्हणजे मूळ डेव्हलपर ७० मिली. तो अर्ध्या वाटेत दमतो, निगेटिव्ह फिकी येते आणि आपण कॅमेऱ्याच्या मीटरला शिव्या देतो. दोन रिळांची (रीळ म्हणजे फिल्म गुंडाळायची खाचांची चक्री) १५२० टाकी घ्या, रोल एकच भरा, २४० मिली ओता. १२० मिली मूळ डेव्हलपर मिळालं, भांडण मिटलं.

रोल भरणं काळ्या पिशवीत, उजेड लागू नये म्हणून. दोन्ही हात कोपरापर्यंत आत, आत वारा नाही, पाच मिनिटांत तळव्यांना धारा. घामट बोट लागलं की फिल्म रिळाच्या खाचेत चिकटते आणि जोर लावला की चंद्रकोरीसारखी मुडपते. तो डाग प्रिंटपर्यंत सोबत येतो. उपाय : पहाटे भरा, फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने गोल करा, रीळ आदल्या दिवशी खडखडीत वाळवा. नाकाला खाज सुटणार, त्यावर उपाय नाही.

यंत्र ठेवायला ओटा सोयीचा वाटतो, पण गवंड्याने त्याला मोरीकडे उतार दिलेला असतो. टाकीत द्रव जेमतेम, त्यामुळे तो उताराच्या टोकाला साचतो आणि वरच्या कडेची फिल्म अर्धी उपाशी राहते. पाणसळ लावून यंत्राखाली पुठ्ठा सारा. मग तंबोऱ्यासारखी एकसुरी घरघर सुरू होते (मिरजेच्या कारागिरांनी माफ करावं), आणि चौथ्या मिनिटाला लाइट जाते. इथे हळहळत बसू नका. टाकी थांबली की फिल्मचा खालचाच भाग बुडालेला राहतो. टाकी उचला आणि टेबलावर लाटण्यासारखी पुढे-मागे लाटत राहा. पोळ्या येणाऱ्यांना हे लवकर जमतं.

स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) अर्धा मिनिट. मग रॅपिड फिक्सर (चित्र पक्कं करणारा), एकास चार पाणी. तो किती वेळ ते बाटलीवर वाचण्यापेक्षा कापलेल्या टोकाचा तुकडा वाटीत टाकून बघा : जितक्या वेळात तो पारदर्शक होईल त्याच्या दुप्पट. ही वाटी पुन्हा चटणीला वापरायची नाही. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, म्हणून तो मोरीत किंवा तुळशीत ओतू नये, कॅनमध्ये साठवावा. विट्याकडच्या सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांना दाखवायच्या भरीला मात्र पडू नका, एका रोलाच्या चांदीत पैंजणाचा घुंगरूही होणार नाही.

शेवटी धुणं, आणि सगळी मेहनत मातीत घालायची हीच जागा. २४ अंशांतून फिल्म एकदम नळाच्या ३४ वर गेली तर मऊ पडलेला जिलेटिनचा थर सुरकुतू शकतो. टबातलंच गार पाणी तीनदा भरा आणि टाकी पाच, दहा, वीस वेळा उलटीपालटी करा. नंतर शेवटचं बुचकळणं बोअरच्या पाण्यात नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे टिपके राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात वेटिंग एजंट (पाणी फिल्मवरून डाग न ठेवता निथळावं म्हणून घालतात तो) थेंबभर. तेही फिल्म रिळातून काढल्यावर, नाहीतर रीळ पुढच्या वेळी चिकट होतं.

मग बाथरूममध्ये दोरीला टांगा, खालच्या टोकाला जड चिमटा. ओल्या फिल्मला धुळीचं वेड असतं, म्हणून दार-खिडकी बंद, आणि घरात त्या बाजूचे सगळे पंखे दोन तास बंद. हे घरच्यांना सांगायचं काम मी अजून यंत्राकडे सोपवू शकलेलो नाही.