परीक्षेत पास, फॉर्ममध्ये नापास

महारेरा म्हणजे राज्यातल्या घरबांधणी प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण. घरं विकून देणाऱ्या दलालाला तिथे नोंदणी करावी लागते, आणि हा एजंट नंबर काढायचा म्हटलं की जो तो परीक्षेला घाबरतो. अहो, परीक्षा हाच त्यातला सोपा भाग! 20 तासांचं प्रशिक्षण, मग ऑनलाइन पेपर, 50 प्रश्न, 100 गुण, 40 मिळाले की पास. 1 जानेवारी 2024 पासून हे सर्टिफिकेट नसेल तर नोंदणीच नाही. ठीक आहे, तक्रार नाही. कार्पेट एरिया म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्याने घरं विकूच नयेत.

खरा छळ सर्टिफिकेट मिळाल्यावर सुरू होतो. पहिलं लचांड नावाचं. पॅनवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव. आधारवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आणि सर्टिफिकेटवर तिसरंच काहीतरी, कारण प्रशिक्षणाचा फॉर्म घाईघाईत मोबाइलवर भरलेला. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचे हाल तर विचारूच नका. माणूस एकच, फोटो एकच, पण तीन कागदांवर तीन नावं, की आलीच त्रुटी. म्हणून प्रशिक्षणाला नाव घालतानाच पॅनवरचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा आणि आधार त्याआधीच दुरुस्त करून घ्या. हे आधी कुणीही सांगत नाही. सांगतात ते पैसे भरून झाल्यावर.

मग कागदपत्रं. गेल्या 3 वर्षांची आयटी रिटर्न्स. उत्पन्न करपात्र नव्हतं तर तसं घोषणापत्र. जागेचा पुरावा. आणि लेटरहेड, रबरी शिक्का, पावतीचा नमुना! नोंदणीशिवाय धंदा करायचा नाही, पण धंद्याचा शिक्का मात्र आधीच बनवून ठेवायचा. वर नंबर मिळाला की प्रत्येक व्यवहारात तो लिहिणं बंधनकारक, म्हणजे आधी हौसेनं छापलेला लेटरहेडचा गठ्ठा रद्दीत. एकच प्रत काढा, शिक्का उमटवा, स्कॅन करा. बाकी छपाई नंबर हातात आल्यावर.

फीचा हिशोबही भन्नाट. एकट्या माणसाला 10,000 रुपये. तेच दोघा भावांनी मिळून फर्म काढली की थेट 1,00,000. दहापट! दोन खुर्च्या आणि एक टेबल असलेल्या गाळ्याला आणि मोठ्या कंपनीला एकच माप. वर फर्ममध्ये गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाकडेही ते सर्टिफिकेट हवंच. ही नोंदणी टिकते 5 वर्षं, मग पुन्हा फी आणि पुन्हा कागद.

सगळ्यात मोठी गंमत मुदतीची. रेरा, म्हणजे ज्याखाली ही नोंदणी होते त्या कायद्याच्या कलम 9 मध्ये लिहिलंय की ठरलेल्या मुदतीत, म्हणजे आपल्याकडे 30 दिवसांत, त्रुटी किंवा नकार कळवला नाही तर नोंदणी झाली असं मानायचं. वाचायला किती छान! फक्त त्या मुदतीत ‘पुरावा अस्पष्ट’ असा एका ओळीचा शेरा आला की ती तरतूद गेली उडत. कुठला पुरावा, काय अस्पष्ट, हे ओळखायचं काम अर्जदाराचं. म्हणून लाइट बिल आणि भाडेकरार मोबाइलनं फोटो काढून चढवू नका, सपाट स्कॅन करा, चारी कोपरे दिसले पाहिजेत. अर्ज पाठवल्यावर ईमेलवर विसंबू नका, लॉगिन करून बघत राहा.

आणि हे सगळं कुणी करायचं? नियमानं चालणाऱ्याने. नंबर नसलेला मात्र त्याच साइटच्या गेटवर उभा राहून फ्लॅट दाखवतो, टोकन घेतो. कलम 62 प्रमाणे त्याला दिवसाला 10,000 दंड, फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. पण त्याचं नाव कुठल्या कागदावर येतच नाही! कमिशन रोखीत, नाहीतर ‘रेफरल’ म्हणून बिल्डरच्या वहीत दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर. आणि तक्रार करायला गेलात की पहिला प्रश्न तुम्हालाच: पुरावा आणलात का?