सर, तो क्रम बेडकाचा आहे

सर, नमस्कार.

न्यूटच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या शेपटीवाल्या उभयचराच्या (सॅलॅमँडरांपैकीच एक), अंड्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तिखट आहे, पण दांडिया बाजारातल्या निवृत्त शिक्षकांनी एवढं बारकाईनं वाचलं याचं बरंही वाटलं. तुमचे आक्षेप तीन: पिल्लाला पुढचे पाय आधी फुटतात असं मी लिहिलं ते उलटं आहे, मागचे आधी फुटतात; निम्मी अंडी मरतात हे सनसनाटी आहे, आणि आपल्या वडोदऱ्याच्या विश्वामित्री नदीत मगरी असताना हा परदेशी प्राणी कशाला?

पायांचं आधी. तुम्ही सांगता तो क्रम बेडकाचा, आणि बेडकापुरता तो अगदी बरोबर आहे. लहानपणी मीही वाड्यामागच्या डबक्यातले टॅडपोल आणून आईच्या परातीत वाढवले होते. (त्या परातीत पुन्हा कणीक मळली गेली नाही.) शेपटीच्या बुडाशी मागचे पाय दिसू लागले, आणि बऱ्याच दिवसांनी पुढचा एक पाय कोपरासकट अचानक बाहेर आला. अचानक आपल्याला वाटतं एवढंच. तो आत वाढतच असतो, पण कल्ले झाकणाऱ्या कातडीखाली, म्हणून दिसत नाही.

न्यूटचं पिल्लू हे काही झाकत नाही. मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले शेवटपर्यंत उघडे, आणि त्यांच्या मागे पुढचे पायही उघड्यावरच वाढतात. मागचे पाय कितीतरी नंतर येतात. अंड्यातून ते बाहेर पडतं तेव्हा जेमतेम सेंटीमीटरभर असतं आणि पुढच्या पायांचे नुसते कोंब असतात. मग तोल कसा सांभाळायचा? त्यासाठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक काडीसारखा अवयव असतो, टेकूसारखा. पाय कामाचे झाले की काड्या नाहीशा होतात. सगळ्या सॅलॅमँडरांना त्या नसतात, पण तळ्यातल्या न्यूटांना असतात. मला या प्राण्यातलं सर्वांत लोभस काही वाटत असेल तर हेच. आणि गरीब दिसणारं हे पिल्लू सुरुवातीपासून शिकारी असतं. टॅडपोलसारखं शेवाळ खरवडत बसत नाही, पाण्यातले हलणारे बारीक जीव गिळतं.

त्याआधीचा प्रवास मात्र दोघांचा बराच सारखा. अंड्याच्या पहिल्या दोन चिरा उभ्या, तिसरी आडवी. वरच्या पेशी लहान, खालच्या बलकानं जड आणि मोठ्या. पुढे पाठीवर दोन वळ्या उठतात आणि मिटून चेतारज्जूची नळी होते. हे तुम्हाला मी काय सांगणार!

दुसऱ्या आक्षेपात निम्मी चूक माझी आहे. मी सरसकट ‘न्यूट’ लिहिलं, ते युरोपातल्या तुरेवाल्या न्यूटबद्दल आणि त्याच्या जवळच्या भाऊबंदांबद्दल लिहायला हवं होतं. पण आकडा खरा आहे. या न्यूटमध्ये सर्वांत मोठ्या, 1 क्रमांकाच्या गुणसूत्राची दोन रूपं असतात. एक आईकडून, एक बापाकडून अशी दोन्ही वेगळी मिळाली तरच पिल्लू जगतं. एकाच रूपाची जोडी जमली की भ्रूण शेपटीची कळी फुटण्याच्या सुमारास थांबतो आणि मरतो. जगलेले सगळेच मिश्र, त्यामुळे त्यांच्या पोरांचा हिशेब तुमच्या फळ्यावरच्या मेंडेलच्या चौकटीसारखा: पाव गेले, पाव गेले, अर्धे राहिले. दर पिढीत. मादी मागच्या पायांनी एकेक पान दुमडून त्यात एकेक अंडं ठेवते, एका हंगामात दोनशे-तीनशे, आणि त्यातली निम्मी आधीच बाद! ‘निसर्ग अशी उधळपट्टी करत नाही’ असं तुम्ही लिहिलंत. करतो, सर.

आता परदेशीपणा. दार्जिलिंगकडच्या डोंगरात आपलाही न्यूट आहे, पावसाळ्यात डबक्यात अंडी घालणारा. आणि युरोपातल्या न्यूटचं म्हणाल तर भ्रूणशास्त्राचा मोठा धडा त्याच्याच अंड्यांतून आला. हिल्डे मँगोल्ड या विद्यार्थिनीनं तुरेवाल्या न्यूटच्या फिक्या भ्रूणाचा एक चिमुकला तुकडा, पेशी आत वळतात त्या छिद्राचा वरचा ओठ, दुसऱ्या जातीच्या गडद भ्रूणात बसवला. तिथं दुसरी पाठ, दुसरी चेतारज्जूची नळी उभी राहिली, आणि ती नळी बहुतांशी यजमानाच्याच, म्हणजे त्या गडद भ्रूणाच्याच, पेशींची होती. रंग वेगळे होते म्हणूनच कोणती पेशी कुणाची हे कळलं. हा प्रबंध 1924 मध्ये छापला गेला. त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या अपघातात भाजून ती गेली, आणि तिचे गुरू हान्स श्पेमान यांना 1935 मध्ये नोबेल मिळालं.

मूळ लेखातलं ‘न्यूट’ आज ‘तुरेवाला न्यूट’ केलंय आणि खाली तुमच्यामुळे दुरुस्ती झाल्याची ओळ टाकली आहे. पायांचं वाक्य तसंच ठेवलंय. मगरींवर लिहीन, पण घरट्यांच्या हंगामात पुलावरून आधी स्वतः बघून. तुम्ही येता का?