मी तेव्हाच म्हणालो होतो

गेल्या शनिवारी न्यू जर्सीतल्या एका हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या, खेळाडूंचे फोटो छापलेल्या बेसबॉल कार्डांच्या बाजारात बारा डॉलरच्या कार्डासाठी मला वीस डॉलर मोजावे लागले, आणि वरच्या आठ डॉलरांचा राग अजून पुरता गेलेला नाही. कार्ड माइक पियाझा या बेसबॉलपटूचे, फ्लीअर कंपनीच्या १९९२ च्या अपडेट संचातले. किमतीची चिठ्ठी वाचून मी पाकिटाला हात घातला, तेवढ्यात शेजारच्या स्टुलावर सँडविच खात बसलेले एक आजोबा म्हणाले, "पियाझा ना? मी तेव्हाच म्हणालो होतो."

हे आजोबा ना विक्रेत्याचे कोणी होते, ना गिऱ्हाईक.

"तेव्हा म्हणजे केव्हा?" मी विचारले.

"पहिल्याच दिवशी."

पहिला दिवस म्हणजे १९८८ चा ड्राफ्ट, संघांनी नवे खेळाडू फेरीफेरीने निवडण्याचा सोहळा. पियाझाचे नाव त्यात बासष्टाव्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर आले, आणि तेही डॉजर्स संघाचे व्यवस्थापक टॉमी लासोर्डा हे त्याच्या वडिलांचे स्नेही होते म्हणून. आपल्याकडे याला स्वच्छ शब्दांत वशिला म्हणतात. हाच मुलगा १९९३ चा सर्वोत्तम नवोदित ठरेल, ४२७ होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) मारेल आणि २०१६ मध्ये थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये जाईल, हे त्या दिवशी एकट्या या आजोबांना ठाऊक होते तर! हा सगळा तपशील मी त्यांना जरा चढ्या आवाजातच ऐकवला. त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

"आणि आल्बर्ट पुहोल्स?" मी म्हणालो. "१९९९ चा ड्राफ्ट, तेरावी फेरी, ४०२ वा क्रमांक. पुढे ७०३ होमरन."

"त्याचेही म्हणालो होतो."

"कुणाला?"

"बायकोला. तिला बेसबॉल कळत नाही."

साक्षीदार असा बिनतोड निवडल्यावर मी शेवटचे अस्त्र काढले. "मग ब्रायन टेलर?"

आजोबांनी सँडविच खाली ठेवले. १९९१ च्या ड्राफ्टमधला हा पहिल्या क्रमांकाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; यांकीज संघाने त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले, पुढे खांदा दुखावला आणि मुख्य लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही.

"खांदा हिशेबात धरायचा नसतो," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "त्याची चारशे कार्डे घरी आहेत. हवी असतील तर देतो."

या छंदाचे खरे दुखणे इथेच आहे. टेलरच्या नुसत्या आशेवर कंपन्यांनी कार्डे छापली आणि लोकांनी ती साठवली, पण बासष्टाव्या फेरीतल्या पोराचे कार्ड छापावे असे १९८८ मध्ये कुणालाही वाटले नाही. आजही अठरा वर्षांच्या मुलाने सही केलेल्या, बोमन या नवोदितांच्या मालिकेतल्या पहिल्या कार्डाला जो भाव येतो, तो पंधरा वर्षे इमानेइतबारे खेळलेल्या माणसाच्या कार्डाला येत नाही. शिवाय ते कार्ड कंपनीकडून तपासून, कोपऱ्यांना गुण लावून, कडक प्लॅस्टिकमध्ये कायमचे बंद करून घ्यायचे आणि त्याचे पैसे वेगळे द्यायचे. हाताळायचे नसेल तर कार्ड कशाला, पावतीच जपावी!

वळून पाहतो तो विक्रेता जुनी चिठ्ठी नखाने खरवडून नवी चिकटवत होता. वीस डॉलर.

"आताच बारा होते ना?"

"१,३९० वा क्रमांक," तो म्हणाला. "मला माहीत नव्हते."

"घेऊन टाका," आजोबा म्हणाले. "भाव चढणार, मी सांगतो."

मी घेतले. प्लॅस्टिकचे पाकीट मात्र फुकट दिले आहे, असे विक्रेत्याने मला दोनदा सांगितले.